थायलंडचं संशोधन आणि आपलं रान : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी थायलंडमधल्या गावठी औषधांबद्दल लिहिलं होतं. तिथल्या विद्यापीठांनी आणि सरकारी दवाखान्यांनी ही औषधं कशी तपासली, असा तो विषय होता. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आले की या वेळी दुसरं काही घेताच आलं नाही. प्रश्न तब्येतीचे आहेत म्हणून नावं छापत नाही, तालुका तेवढा देते. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, मी डॉक्टर नाही. तुमची चालू गोळी बंद करा असं मी कोणालाही सांगणार नाही. झाडाची ओळख, लोक ते कसं वापरत आले आणि तपासणीत काय निघालं, एवढं माझ्याकडून घ्या.

प्रश्न : मॅडम, आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या रानात औषधांची काही कमी आहे का? मग थायलंडचं पुराण काहून? (देसाईगंज तालुका)

उत्तर : कमी नाही भाऊ. पण उत्तर थायलंडचं रान आणि आपलं रान यांचं गोत्र जवळचं आहे. तिकडंही साग आहे, पानगळ आहे, चार-पाच महिने पाऊस आणि मग कोरडं. उन्हाळ्यात आपल्याकडे पिवळ्या घोसांनी लगडतो तो बहावा त्यांचं राष्ट्रीय फूल आहे. हिरडा, बेहडा, आवळा यांचा त्रिफळा त्यांच्या वैद्यकातही त्याच नावानं चालतो. आपण पावसाळ्यात ज्या तरोट्याची भाजी खातो, त्याच्या बिया ते भाजून चहासारख्या उकळून पितात. झाडं एक किंवा एकाच कुळातली असली की तिकडच्या तपासणीतून इकडच्या माणसाला थेट काही कळू शकतं, म्हणून लिहिलं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बँकॉकच्या वाट फो मंदिरात १८३०च्या दशकात तिसऱ्या राम राजानं औषधांचे पाठ, मालिशच्या आकृत्या दगडावर कोरून घेतल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही वाचाव्यात म्हणून. युनेस्कोनं त्या शिलालेखांची ‘जागतिक स्मृती’ यादीत नोंद केली आहे. पुढे प्राचीनबुरीच्या आभयभूबेत या सरकारी रुग्णालयानं १९८०च्या दशकापासून गावठी औषधं स्वतः बनवून रुग्णांना द्यायला सुरुवात केली. १९९९ साली देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत वनौषधी आल्या. गावात जे चालतं ते दवाखान्यात आणून अॅलोपॅथीच्या गोळीशेजारी ठेवून पाहायचं, आणि निकाल विरुद्ध गेला तरी छापायचा, ही त्यांची रीत मला आवडली. आपल्याकडे गावठी औषधाला एक तर देव्हाऱ्यात बसवतात नाहीतर उकिरड्यावर टाकतात. तपासायला कोणी बसत नाही.

प्रश्न : माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. रात्र-रात्र झोप नाही. भावानं मोबाईलवर पाहिलं की थायलंडमध्ये कासोदाच्या पाल्यानं झोप येते. आमच्या शाळेसमोर कासोदाची रांगच आहे. पाला सावलीत वाळवून त्याचं चूर्ण रोज एक चमचा द्यावं का? (सिंदेवाही तालुका)

उत्तर : देऊ नका ताई. आलेल्या पत्रांत मला सगळ्यात जास्त काळजी याच पत्राची वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कासोद (कोणी काशीद म्हणतात) मूळचा आग्नेय आशियातलाच. शास्त्रीय नाव सेन्ना सायामिया. आपल्याकडे तो सावलीसाठी आणि सरपणासाठी आला आणि सडकेच्या कडेनं, सामाजिक वनीकरणाच्या पट्ट्यांत लागला. थायलंडमध्ये त्याला ‘खी लेक’ म्हणतात आणि त्याची भाजी खातात. तिथल्या बाया कोवळा पाला आणि कळ्या खुडून आणतात, भरपूर पाण्यात उकळतात आणि ते कडू पाणी फेकून देतात. पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळी, तेही पाणी फेकायचं. मग पाला पिळून नारळाच्या दुधात मसाला घालून, बहुतेक वेळा मांसाबरोबर, शिजवायचा. ही भाजी खाल्ली की पोट साफ होतं, झोप चांगली लागते, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव.

बँकॉकच्या सिरिराज हॉस्पिटलमध्ये १९४०च्या दशकातच या पाल्याचा अर्क तपासला गेला आणि त्यानं गुंगी येते असं दिसलं. पुढे त्यातलं द्रव्य वेगळं काढलं, त्याचं नाव बाराकोल. इथवर सगळं नीट चाललं होतं. मग कोणीतरी पाला वाळवला, दळला आणि त्याच्या झोपेच्या गोळ्या बाजारात आल्या. त्या गोळीत उकळणं नव्हतं आणि पाणी फेकणंही नव्हतं. १९९९-२०००च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांकडे यकृताला सूज आलेले, कावीळ झालेले रुग्ण येऊ लागले. कारण शोधता शोधता सगळे या गोळ्या घेणारे निघाले. गोळ्या बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. नंतर माहिडोल विद्यापीठाच्या संशोधकांनी ताज्या आणि उकळलेल्या पाल्यातलं बाराकोल मोजलं. पहिल्या उकळीत ते बरंच उतरतं, दुसऱ्या उकळीत आणखी उतरतं.

म्हणजे चुलीपाशी पाणी फेकणाऱ्या बाईला बाराकोल हे नाव ठाऊक नव्हतं, पण काय फेकायचं ते पक्कं ठाऊक होतं. गोळी करणाऱ्यानं तिचं झाड घेतलं आणि तिची कृती सोडून दिली.

आपल्याकडे हे समजायला लांब जायला नको. बैचांदीचा कंद घ्या. आमच्या शेजारच्या गोंड घरातल्या आजी तो करायच्या तेव्हा मी लहानपणी पाहत बसायची. आधी हाताला राख, कारण रस लागला की खाज सुटते. साल जाडच काढायची. विळीवर अगदी पातळ चकत्या करायच्या, त्या बांबूच्या टोपलीत भरायच्या आणि टोपली नाल्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची. पाणी साचलेलं असेल तर त्या टोपली उचलून वरच्या धारेला न्यायच्या. मग दररोज एक चकती उचलून जिभेच्या टोकाला लावून पाहायच्या. जीभ चुरचुरली की टोपली परत पाण्यात. आम्हा पोरांना त्या चकत्यांना हातही लावू देत नसत. थायलंडमध्ये हाच कंद ‘क्लोय’ नावानं खातात आणि तिथंही तो वाहत्या पाण्यात नाहीतर मिठाच्या पाण्यात दिवसचे दिवस ठेवतात. त्यात डायोस्कोरिन नावाचं विष असतं, ते पाण्यात उतरून जातं. कंद खणून थेट पीठ केलं तर माणसाच्या जिवावर बेतेल.

बाबांचं म्हणाल तर या वयात झोप उडायला रात्रीची लघवी, अंगदुखी, संध्याकाळचा चहा, बीपीच्या गोळीची वेळ, मनाला लागलेलं काही, अशी बरीच कारणं असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

प्रश्न : आम्ही वायगाव हळद लावतो. थायलंडमध्ये हळदीनं अॅसिडिटीची गोळी सुटली असं ऐकलं. आमचे मालक रोज सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेतात. हळदीचं दूध सुरू करू का? आणि यानं हळदीला भाव मिळेल का? (समुद्रपूर तालुका)

उत्तर : तुम्ही ऐकलं त्याला आधार आहे. थायलंडमधल्या डॉक्टरांनी पोट फुगणं, वरच्या पोटात दुखणं, थोडंसं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटणं अशा तक्रारींचे २०६ रुग्ण घेतले. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एकाला हळदीतलं कर्क्युमिन, दुसऱ्याला ओमेप्राझोल ही अॅसिडिटीची गोळी, तिसऱ्याला दोन्ही. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला कळू नये म्हणून खोट्या कॅप्सूलही दिल्या. २८व्या आणि ५६व्या दिवशी पाहिलं तर तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम होता. दोन्ही एकत्र घेतल्यानं जास्त फायदा झाला नाही. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी २०१४ साली तिथंच गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर हळदीचा अर्क आणि आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी यांची चार आठवडे तुलना झाली. दुखणं दोन्हींनी सारखंच कमी झालं आणि पोटाचा त्रास हळदीच्या गटात कमी झाला.

आता नीट वाचा. पोटाच्या तक्रारीच्या त्या रुग्णांनी २५० मिलिग्रॅमच्या दोन-दोन कॅप्सूल दिवसातून चार वेळा घेतल्या, म्हणजे दिवसाला २ ग्रॅम, आणि ते मोजूनमापून तयार केलेलं द्रव्य होतं. आपल्या हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन शंभरात फार तर पाच-सहा भाग. वायगावची त्या बाबतीत सरस आहे, म्हणून तर तिचं नाव आहे. तरी कपभर दुधात चिमूटभर हळद म्हणजे तो डोस नव्हे. हळदीचं दूध जरूर द्या, पण त्या भरवशावर गोळी सोडवू नका. मालकांना ती गोळी अल्सरसाठी किंवा दुसऱ्या एखाद्या औषधाच्या संरक्षणासाठी दिली असेल तर हा अभ्यास त्यांना लागूच होत नाही. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

भावाबद्दल मला मनापासून वाटतं ते सांगते. वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. औषधाच्या बाजारात कच्च्या हळदीला वजनावर भाव मिळतो आणि तपासलेल्या हळदीला कर्क्युमिनवर. तुमच्या शेतकरी गटानं दर हंगामातला नमुना प्रयोगशाळेत तपासून त्याचा कागद जवळ ठेवावा. व्यापारी पोत्यात हात घालून रंग पाहतो, तेव्हा तुमच्या हातात तो कागद असला पाहिजे.

प्रश्न : मला आठ वर्षांपासून शुगर आहे. कडुनिंबावरची गुळवेल उकळून पितो. थायलंडमध्येही गुळवेल शुगरवर देतात असं तुमच्या लेखात होतं, वाचून बरं वाटलं. (दर्यापूर तालुका)

उत्तर : भाऊ, लेखातली ती वेल आपली गुळवेल नव्हे, तिची बहीण. तिला तिकडं ‘बोरापेत’ म्हणतात, शास्त्रीय नाव टिनोस्पोरा क्रिस्पा. आपली ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. बोरापेत कडूजहर असते आणि ताप, भूक, शुगर यांवर तिथली माणसं ती घेत आली आहेत. २००४ साली तिथल्या डॉक्टरांनी शुगर आटोक्यात नसलेल्या रुग्णांना तिची पावडर देऊन पाहिली. शुगर कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही आणि दोन रुग्णांच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या. त्यांनी ते तसंच छापलं.

आपल्याकडेही २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं गुळवेल सुरक्षित असल्याचं म्हटलं आणि क्रिस्पाशी गल्लत होऊ नये असं बजावलं. हा वाद मी इथं सोडवू शकत नाही. पण वेल ओळखता येणं तुमच्या हातात आहे. गुळवेलीचं जून खोड घ्या. वरची साल पातळ पापुद्र्याची, नखानं सुटते आणि खाली हिरवंगार निघतं. खोड आडवं कापलं की आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. खोडावर बारीक ठिपके असतात, बोट फिरवलं तर थोडे लागतात. क्रिस्पाच्या खोडावर मात्र ठसठशीत गाठीच गाठी असतात, डोळे मिटून हात फिरवला तरी कळतं. बाजारातल्या चूर्णात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून चूर्ण घेऊ नका. आणि घरची ओळखीची वेल घेत असाल तरी शुगरची गोळी चालू ठेवा, यकृताची तपासणी एकदा करून घ्या. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली की काढा त्याच दिवशी बंद.

प्रश्न : थायलंडमध्ये मजूर क्रातोमचा पाला चघळून उन्हात काम करतात. आमच्याकडचा कळम त्याच जातीचा म्हणे. मग कापूस वेचताना कळमाचा पाला चघळला तर? (आर्णी तालुका)

उत्तर : चघळू नका. क्रातोम आणि आपला कळम दोन्ही मिट्राजायना या एकाच प्रजातीतले, पण झाडं वेगळी आणि त्यांतली द्रव्यंही वेगळी. क्रातोममध्ये मिट्राजायनिन असतं, ते मेंदूवर अफूच्या वाटेनं काम करतं आणि सवय लागते. थायलंडनं त्यावर १९४३ साली बंदी घातली आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये ती उठवली, ती त्यांची गोष्ट. कळमाच्या पाल्याचा तसा वापर आपल्या कोणत्याही गावात मी ऐकला नाही, आणि जे आपल्या आज्या-पणज्यांनी केलं नाही ते नावाच्या नात्यावरून सुरू करू नये. उन्हात वेचणी असेल तर मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा आणि दुपारचं काम सकाळी लवकर उरका.

प्रश्न : एक एजंट गावात येऊन गेला. थायलंडचा ‘क्वाव क्रुआ’ कंद लावा, बायांच्या आणि माणसांच्या ताकदीचं औषध आहे, कंपनी विकत घेईल म्हणतो. बेण्याचे पैसे आगाऊ मागतो. शिवाय आमच्या जंगलातल्या पळसवेलीचं मूळही घेतो म्हणाला. काय करावं? (धारणी तालुका)

उत्तर : पैसे देऊ नका. आता कारण ऐका.

क्वाव क्रुआ नावाखाली दोन वेगळ्या वेली आहेत. पांढरा क्वाव क्रुआ म्हणजे प्युरेरिया मिरिफिका, आपल्या घोडवेलीची म्हणजे विदारीकंदाची जवळची नातेवाईक. त्याच्या कंदात मिरोएस्ट्रॉल नावाचं द्रव्य आहे. ते शरीरात स्त्रियांच्या इस्ट्रोजेन संप्रेरकासारखं काम करतं. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, त्यावर थायलंडच्या रुग्णालयांत छोटे अभ्यास झाले आणि काही बायांना आराम पडला. म्हणजे त्यात तथ्य आहे, आणि तथ्य आहे म्हणूनच जपून वागायचं. १९३१ साली चियांग माईच्या लुआंग अनुसान सुंतारा यांनी या कंदावर एक पुस्तिका छापली होती. तीत रोज मिरीच्या दाण्याएवढीच गोळी घ्यावी आणि तरुणांनी हे औषध घेऊ नये, असं बजावलेलं आहे. नव्वद वर्षांनी तोच कंद तरुण मुलींना छाती वाढवण्यासाठी कॅप्सूलमधून विकला जातो. जपानच्या ग्राहक संरक्षण केंद्रानं २०१७ साली त्याबद्दल इशारा दिला, कारण पाळीत गडबड, रक्तस्राव, उलट्या अशा तक्रारी त्यांच्याकडे साचल्या होत्या. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेल्या बाईनं तर याच्या वाऱ्याला उभं राहू नये. थायलंडनं स्वतःच २००६ साली या कंदाला नियंत्रित वनौषधी ठरवलं, जंगलातून ओरबाडून संपू नये म्हणून. तेव्हा हा कंद बेणं म्हणून पिशवीतून तुमच्या गावात कसा आला, हे त्या एजंटला विचारा. आणि आणलेलं नुसतं विदारीकंदाचं बेणं असू शकतं, तेही पाहा. विदारीकंद म्हणून आपल्या बाजारात दोन वेली विकल्या जातात : घोडवेलीला पळसासारखी तीन-तीन पानं असतात, दुसऱ्या वेलीचं पान पंजासारखं फाटलेलं आणि फूल घंटेच्या आकाराचं.

लाल क्वाव क्रुआ म्हणजे ब्युटिया सुपर्बा, आणि ती खरोखर आपली पळसवेल. थायलंडमध्ये पुरुष ती ताकदीसाठी घेतात. त्यावरचा पुरावा कच्चा आहे, आणि अशा ‘वनौषधी’ पुड्यांत सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा) जातीची गोळी गुपचूप मिसळलेली निघते. हृदयविकारावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा त्यानं जीव जाऊ शकतो. शिवाय मूळ खणलं की वेल मेली. मेळघाटातली पळसवेल मांडीएवढी जाड व्हायला कितीतरी वर्षं घेते. एजंटला मूळ देऊ नका. विषय ग्रामसभेत आणा.

प्रश्न : कोरोनात थायलंडनं भुईनिंबानं माणसं बरी केली, मग आपल्या डॉक्टरांनी ते का लपवलं? (मूल तालुका)

उत्तर : कोणी लपवलं नाही. भुईनिंब म्हणजे कालमेघ, तिथलं नाव ‘फा थलाय जोन’. घसा आणि सर्दीसाठी त्याला चांगला आधार आहे. १९९१ साली तिथं घसा सुजलेल्या १५२ रुग्णांवर पाहणी झाली. दिवसाला ६ ग्रॅम घेणाऱ्यांना तिसऱ्या दिवशी पॅरासिटामॉलइतकाच आराम पडला, ३ ग्रॅम घेणाऱ्यांना तितका नाही. म्हणून ते सरकारी यादीत आलं. कोरोनात सौम्य लक्षणांच्या रुग्णांना आणि तुरुंगातल्या हजारो कैद्यांनाही त्याच्या कॅप्सूल दिल्या. न्यूमोनिया टळतो असं दाखवणारा एक लहान अभ्यास बाहेर आला. मग खुद्द संशोधकांनाच आकडेमोडीत चूक सापडली, फरक दिसत होता तेवढा भरवशाचा नव्हता, आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तो मागे घेतला. तुमच्या मोबाईलवर पहिली बातमी आली, दुसरी आली नाही. साध्या घशासाठी तीन-चार दिवस भुईनिंब ठीक आहे. गरोदर बाईला देऊ नका.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे आजोबा गावचे पुजारी आहेत, पाला-मुळी देतात. थायलंडच्या अभ्यासकांसारखी गावातल्या औषधी झाडांची यादी करावी असं वाटतं, पण आजोबा काही झाडं सांगायला तयारच नाहीत. त्यांना कसं पटवू? (कुरखेडा तालुका)

उत्तर : बाळा, पटवू नकोस. त्यांना नाही म्हणायचा हक्क आहे, आणि त्यांच्या नाही म्हणण्याला कारण आहे.

थायलंडमध्ये ‘प्लाव नोय’ नावाचं एक झुडूप आहे, क्रोटॉनच्या प्रजातीतलं. पोटाच्या दुखण्यावर लोक त्याची पानं वापरायचे. जपानच्या सांक्यो कंपनीच्या संशोधकांनी त्यातून प्लाउनोटॉल नावाचं द्रव्य काढलं, त्याचं पेटंट घेतलं आणि अल्सरचं औषध म्हणून ते जपानमध्ये विकलं. थायलंडमध्ये त्या झुडपाची लागवड झाली, पानं तिकडून गेली, पण औषधाची मालकी गावाकडे आली नाही. ही सल तिथं फार खोल गेली. १९९९ साली त्यांनी पारंपरिक वैद्यकज्ञानाच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, त्यामागे असे अनुभव होते. आपल्या हळदीचंही तसंच झालं. जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं आणि आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने ग्रंथ पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करवलं. हळदीचं ग्रंथात लिहिलेलं होतं म्हणून जमलं. तुझ्या आजोबांचं कुठं लिहिलेलं आहे?

तेव्हा दोन वह्या कर. एका वहीत सगळ्या गावाला ठाऊक असलेली औषधं, ती कॉलेजात दाखव. दुसरीत आजोबा फक्त तुला सांगतील ते, आणि ती वही घराबाहेर काढू नकोस. वनहक्क कायदा २००६ सालचा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क सांगितला आहे. तुझ्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, ते गाव तुझ्यापासून लांब नाही. यादी प्रसिद्ध करायची असेल तर आधी ग्रामसभेत वाच, तिची लेखी संमती घे, आणि सांगणाऱ्यांची नावं त्यांना विचारून लेखात घाल. ‘स्थानिक रहिवासी’ असं मोघम लिहू नकोस.

यादीत नुसतं ‘अमुक झाड, तमुक रोग’ लिहिलंस तर ती माझ्या उपयोगाची नाही आणि तुझ्याही नाही. कोणत्या महिन्यात तोडलं, कोवळं की जून, उकळलं तर पाणी ठेवलं की फेकलं, कशाबरोबर दिलं, किती दिवस दिलं, हे सगळं लिही. आणि सगळ्यात आधी हे विचार : हे कोणाला देत नाही? गरोदर बाईला, लेकराला, म्हाताऱ्याला? जुन्या जाणकारांकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं, पण नोंद करायला आलेले ते विचारत नाहीत. मग तेच झाड त्याच दुखण्यावर एकमेकांना न विचारता किती जण सांगतात ते मोज. अभ्यासक कोणतं झाड प्रयोगशाळेत न्यायचं ते असंच ठरवतात.

प्रत्येक झाडाचा नमुना हवाच. फांदी पानाफुलांसकट जुन्या पेपरात दाबायची, पेपर रोज बदलायचे, नाहीतर बुरशी येते. वाळल्यावर जाड कागदावर शिवायची आणि खाली चिठ्ठी : गाव, नाला की टेकडी, तारीख, तुमच्या घरातलं गोंडी नाव, फुलाचा ताजा रंग. रंग त्याच दिवशी लिही, वाळल्यावर तो ओळखू येत नाही. ओळख पटवून घ्यायला पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्राकडे नाहीतर नागपूर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे नमुने पाठवता येतील. भाद्रपदात सुरुवात कर, तेव्हा बऱ्याच वेली-झुडपांना फुलं असतात. फुलाशिवाय पाठवलेल्या वेलीची ओळख तिथलेही खात्रीनं सांगू शकत नाहीत.